मेलेल्या घोडीचं पुढे काय झालं

आज येरवड्यातल्या एका वाचनालयात मुलांना माझी संस्थानी काळातली कादंबरी वाचून दाखवली. राजकन्येची लाडकी घोडी मरते, तो प्रसंग.

नववीतली एक मुलगी उठली. "मॅडम, मग घोडीला ओढून कोणी नेलं?"

"नेलं असेल नोकरांनी."

"नोकरांनी नाही. मेलेलं जनावर ओढायचं काम आमच्या लोकांवर होतं. माझे पणजोबा तेच करायचे. धम्म घेतला, तेव्हा सोडलं."

एवढं बोलून ती खाली बसली.

राजकन्येच्या शालूवरचे मोर बरोबर यावेत म्हणून मी तीन संग्रहालयं पालथी घातली होती. घोडी मात्र पुढच्या पानावर आपोआप नाहीशी झाली.

कादंबरी वाचून घोडीसाठी रडल्याचं तुम्हा वाचकांपैकी कितीतरी जणांनी कळवलंत. हा प्रश्न एकालाही का पडला नाही? मला तरी कुठे पडला होता.