सलूनमधला निवडकर्ता

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या सलूनमध्ये दर शनिवारी माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या वृद्ध अमेरिकन गृहस्थांचे नाव मी कधी विचारले नाही. हातात चेंडू घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टचे दिवस होते. टीव्हीवर तरुण धावत, उड्या मारत, आणि खुर्चीतून उठण्यासाठी दोन्ही हातांचा आधार लागणारे हे गृहस्थ त्यांचे भवितव्य ठरवीत.

“खांदे उत्तम. तळहात लहान. चेंडू निसटणार. बाद!”

एवढे बोलून ते दम खात. मला मनातून मोठी गंमत वाटे.

त्या शनिवारी त्यांनी माझ्या उतरलेल्या चेहऱ्याचे कारण विचारले. मुलगी संध्याकाळी तिने पसंत केलेल्या मुलाला घरी आणणार होती आणि माझा नकार तयार होता.

“खोट काय त्याच्यात?”

“उंची बेताची. कॉलेज साधारण. आणि बोलतो फार हळू.”

“किती वेळा भेटलास?”

“एकदा. व्हिडिओ कॉलवर.”

त्यांनी प्रथमच टीव्हीवरून नजर काढली. “मित्रा, आम्ही निदान पळवून तरी बघतो.”

संध्याकाळी मी दार उघडले. “बाबा, प्लीज,” मुलगी पुटपुटली. मुलाने हात पुढे केला. तो हातात घेताना माझ्या मनाने तळहाताचे माप घेतलेच.

“काका, मी... मला जरा...” तो अडखळला.

“सावकाश बोला,” मी म्हणालो. “मला आज काहीच ठरवायचे नाही.”