बर्फाची टेस्ट

आमची लेक स्कीइंग शिकली ती दुबईच्या मॉलमधल्या बर्फावर. अल मजाज वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतली वाळू पुसता पुसता मी म्हणायचे, चार दिवसांत कंटाळेल. आता ती पंचवीस वर्षांची आहे आणि जिथे बर्फ दाबून सपाट करणारं मशीन फिरत नाही, कुणाचा पहारा नाही, अशा डोंगरउतारांवर जाते. गेल्या डिसेंबरात आम्हा दोघांनाही जॉर्जियाला घेऊन गेली.

नवऱ्याची उभी हयात आखातात भराव तपासण्यात गेली. वाळूचा थर घालायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. टेस्ट पास झाली तरच वरचा थर. घरी कुंडीतली माती बदलली तरी हा बोटाने दाबून बघतो. मी त्याला यावरून भरपूर छळलंय.

लिफ्टने वर पोचल्यावर लेकीने आधी, तिला उतरायचं होतं त्या मोठ्या उताराशेजारच्या बुटक्या उतारावर कमरेइतका खड्डा खणला. मोसमाच्या सुरुवातीचा बर्फ फसवा, ती सांगत होती. आधीचा पातळ थर थंडीत भुसभुशीत होतो आणि नवा जड बर्फ त्याच्यावर येऊन बसतो; मग माणसाच्या वजनानेही अख्खा उतार कोसळू शकतो. तिने बर्फाचा चौकोनी खांब सुटा केला, वर फावडं ठेवून हाताने थापट्या मारल्या. तिसऱ्याच थापटीला वरचा अख्खा ठोकळा घसरून तिच्या पायाशी आला.

ती मात्र मोठ्या उताराकडे बघत राहिली. वर्षभर त्याचेच फोटो बघत होती. सकाळी कुणी उतरून गेल्याच्या दोन रेषा तिथे दिसत होत्या.

"इट्स अ शॉर्ट रन, बाबा. दे वेन्ट, नथिंग हॅपन्ड."

मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा खड्ड्यात गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढून त्याने तळाचा बर्फ खरवडला आणि तिच्या हातावर ठेवला.

"वळ मूठ."

तिने वळली. साखरेसारखे दाणे बोटांमधून गळून गेले.

"फेल," तो म्हणाला, साइटवर म्हणतो तसा, आवाज न चढवता. "दोन माणसं गेली म्हणून टेस्ट पास होत नाही, बेटा."

मग तिने फावडं मिटून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकलं. "खलास. वी टेक द लिफ्ट."

बाप किती शांत राहिला, असं मला वाटत होतं. पण निघायची वेळ झाली तरी तो उठेना. नजर त्या दोन रेषांवरच होती त्याची. लेकीने काखेत हात घालून त्याला उभं केलं, त्याचा गारठलेला उघडा हात आपल्या जॅकेटच्या आत घेतला आणि मराठीत म्हणाली, "नाही जात मी."