मिस्त्रींनी निवडलेला कमरपट्टा

“बाई, शेवटचं पान आधी वाचा.”

समोरच्या गाळ्यातले मिस्त्री कुठलाही इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले, की पहिलं वाक्य हेच. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. पहिलं पान सोडून शेवटचं वाचायची सवय मला नव्हती. पण त्यांच्या सांगण्यामागे कारण होतं.

मुलांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मूळचे कामणकडचे, भातशेतीच्या घरातले. गोखिवऱ्यात आमच्या इमारतीसमोर त्यांचा इंजिनकामाचा गाळा होता. आता ते मोठ्या जागेत गेलेत आणि समोरचं शटर बंद असतं.

नायगावची जुई नोकरी सांभाळून गाडीच्या शर्यती खेळायची. तिच्या इंजिनाची ताकद मिस्त्रींनी जवळजवळ दुप्पट केली होती. इंजिनातला मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, पाच लोखंडी कॅपांनी जागेवर धरलेला असतो. ताकद वाढली की कॅप थरथरतात. म्हणून पाचही कॅपांना एकत्र बांधणारी जाड पट्टी बसवतात. तिला गर्डल म्हणतात. मी सरळ कमरपट्टा म्हणायची.

मिस्त्रींनी तो पट्टा एकदा बसवला होता. सोबत आलेल्या इंग्रजी सूचनांच्या कागदावर गाळ्यातल्या दोघा-तिघांनी वडापाव खाल्ला. शर्यतीत जुईचं इंजिन जाम झालं. पट्टा आवळताना पाचांतल्या दोन कॅप ओढल्या गेल्या होत्या आणि क्रँक ज्यांत फिरतो ती गोल घरं लंबगोल झाली होती. शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं : पट्टा आवळल्यावर पाचही घरं एका रेषेत पुन्हा घासून घ्यावीत. त्या पानावर चटणी होती.

“चूक माझी,” मिस्त्री जुईला म्हणाले. “दुसरा मिस्त्री बघ. मी टेम्पोचीच कामं करीन.”

“दुसरा नको, काका. पुन्हा तुम्हीच करा.”

शेजारच्या गाळ्यातला टर्नर हसला. “पोरी, गाडी विकून स्कूटर घे! मिस्त्री, या वेळी कागदावर भजी ठेवा!”

मिस्त्रींनी तो चटणीचा कागद पुसून त्याची घडी घातली. त्या दिवसापासून कागद माझ्याकडे येऊ लागले.

या वेळी जुईने दोन पट्टे आणले. एक ॲल्युमिनियमचा, आरशासारखा चकचकीत. दुसरा काळा, जाड, पोलादी. मी दोन्हींचे कागद ओळ न ओळ वाचले आणि मराठीत मुद्दे उतरवून दिले. चकचकीत पट्टा फक्त कॅपांना एकमेकींशी बांधणारा होता, घासकाम न लागणारा. काळा पट्टा कॅपांसकट इंजिनाच्या दोन्ही कडांना आवळायचा होता, आणि त्यात तेच घासकाम होतं.

“काका, रविवारी शर्यत आहे,” जुई म्हणाली. “हा चकचकीत लावा ना, बोल्ट मारले की झालं.”

मिस्त्रींनी मान हलवली. “बसमध्ये पाच पोरं एकमेकांचे हात धरून उभी हायेत. ब्रेक लागला तर?”

“पाचही पडतील.”

“मग दांडी कोन धरनार?” त्यांनी काळा पट्टा उचलला. “हा दांडी धरतो.”

“पण मागच्या वेळी यानेच…”

“यानं नाय. मी.”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, पोळ्यांची कनीक हाय का?”

मी डबा घेऊन गेले. त्यांनी कणकेचे गोळे पट्ट्यावर चिकटवले, पट्टा बसवला आणि क्रँक हाताने फिरवला. पट्टा काढून त्यांनी दबलेल्या कणकेची जाडी मोजली. क्रँक पट्ट्याला कुठेही घासत नव्हता.

पुढचे तीन दिवस त्यांनी घासकाम केलं. पट्टा पूर्ण आवळायचा, घरं मोजायची, घासायची, पुन्हा मोजायची. शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि पाना हाती दिला.

“तुम्ही फिरवा.”

सत्तरी ओलांडलेल्या माझ्या मनगटाने तो क्रँक लोण्यासारखा फिरला.

रविवारी मी शर्यतीला गेले, डोक्यावर टोपी घालून. तुमच्या आईला अजून सांगितलेलं नाही. जुईची गाडी सुटली तेव्हा मिस्त्री तिच्याकडे पाठ करून उभे होते. ते नुसतं ऐकत होते. लोक ओरडले, मीही ओरडले. जुई पहिली आली होती!

“आली का?” त्यांनी विचारलं.

“पहिली!”

“ते ऱ्हाऊ द्या. आतलं बघू.”

सोमवारी सकाळी त्यांनी इंजिन उघडलं. कॅप हलली असती, तर तिच्या बैठकीवर घासल्याचा चकचकीत डाग पडला असता. मी चष्मा लावून, उत्तरपत्रिका तपासावी तशा पाचही कॅप तपासल्या. डाग नव्हता. टर्नरने नखाने चाचपून पाहिलं आणि हळूच म्हणाला, “मिस्त्री, माझ्या भावाच्या गाडीचं काम कधी घ्याल?”

मिस्त्रींनी दारात वर्तमानपत्र पसरलं, पाची कॅप उन्हात ओळीने मांडल्या आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते सांगू लागले, “बघा, काहीच झालेलं नाय!”

एक रिक्षावाला उतरून बराच वेळ वाकून पाहत राहिला. काय बघायचं ते त्याला कळलं नसावं. त्याने मिस्त्रींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ठणकावून म्हणाला, “एक नंबर!”