शॉकमधल्या अक्षता

सायकलच्या ग्रीसच्या वासात हळदीचा वास मिसळला की लातूरच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. अवजारांसोबत पुजलेली माझी सायकल, पुढं-मागं धक्के झेलणारे शॉक असलेली, पूजेनंतर करकरायला लागली. रेणापूर रस्त्याला लागलो तरी करकर मागंच, घरातल्या प्रश्नांसारखी: कुठं चाललास, कधी येणार? घरी येऊन साखळी, पेडल, सीट सगळं उघडलं. शेवटी मागचा शॉक काढला, तर सांध्यात चुरलेले पिवळे तांदूळ, आईनं टाकलेल्या अक्षता! आई म्हणाली, "राहू दे की रे. आवाज आला की कळतंय, लेकरू आलं." मी चिडून सगळं पुसलं नि पुन्हा निघालो. संध्याकाळी सायकल बिनआवाज परतली, तर आई फाटकाशी. मी गेल्यापासून तिथंच उभी होती. आता फाटकाशी कुणी नसतं, तरी गाव मागं पडलं की आई तिथं उभी असेल असं वाटून माझा हात ब्रेकवर जातो.