मागे घेतलेलं अपील

क्रिकेटवाल्या मंडळींनो, आज रेवदंड्याच्या मैदानावर फायनलला मी अंपायर होतो.

मुरुडविरुद्ध चौलची शेवटची जोडी खेळत होती, तीन धावा हव्या होत्या. त्यातला महेश धाव घ्यायला निघाला आणि चेंडूकडे झेपावणाऱ्या मुरुडच्या बोलरवर आदळून पडला. तेवढ्यात कीपरने चेंडू उचलून स्टंप उडवले. अपील झालं.

टक्कर चुकून झाली म्हणून नियमात रनआउट माफ होत नाही. मी बोट वर केलं. महेशच्या ओठातून रक्त येत होतं.

मुरुडचा कॅप्टन नईम माझ्याकडे आला. "साहेब, अपील मागं घेता येतं का?"

"येतं. पण तो मैदानाबाहेर जायच्या आत."

त्याची पोरं ओरडली, "कॅप्टन, नियमानं आउट हाय!"

"हाय. पण आपल्याच माणसाला धडकून पडला ना तो?"

नईमने अपील मागे घेतलं. पुढच्याच चेंडूवर महेशने चौकार मारला. मुरुड हरलं.

नईमची टीम त्याला न घेताच टेम्पोत बसून निघून गेली. एसटी स्टँडवर तो एकटाच बसलेला दिसला. म्हणाला, "साहेब, मी चुकलो का?"

मला नियम सगळे पाठ आहेत, पण हे त्यांत कुठंच लिहिलेलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो.

तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?