दोन झुंबर जमादार

“वकीलसाहेब, हा झुंबर जमादार नावाचा इसम खरोखर आहे का?” मुन्सफसाहेबांनी भर कोर्टात विचारलं.

“नाही साहेब. पण सध्या दोन आहेत. दावा त्याचाच आहे.”

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. उस्मानाबादच्या कोर्टात माझी वकिली नवी होती. माझे पक्षकार निवृत्तीबुवा तमाशातले सोंगाडे, म्हणजे विनोदी पात्र करणारे. सगळ्यांना दरडावणारा आणि स्वतःच्याच शिट्टीला दचकणारा झुंबर जमादार त्यांनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता. अणदूरच्या जत्रेत लोक फडाचं नाव विचारत नसत; ‘झुंबर हाय का?’ एवढंच विचारत. आता त्यांच्याच फडातून फुटलेला शंकर त्याच नावाने खेळ लावत होता आणि झुंबरच्या तोंडी नको ते पाचकळ बोलणं घालत होता.

“माझ्या झुंबरला बायाबापड्याबी हसायच्या,” निवृत्तीबुवा म्हणाले होते. “आता नाव निघालं की उठून जात्यात. तुळजापुरात एक म्हातारी मला बघून थुंकली, वकीलसायेब. जन्माची कमाई गेली माझी.”

अडचण कायद्याची होती. कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला मिळतो; झुंबर कुठे लिहिलेलाच नव्हता. ट्रेडमार्क म्हणजे मालावरची नोंदलेली खूण. झुंबर काही विडीचं बंडल नव्हता. उरला ‘पासिंग ऑफ’, म्हणजे दुसऱ्याची ओळख पांघरून आपला माल खपवणं. त्यासाठी झुंबर निवृत्तीबुवांचाच, हे आधी शाबीत करायला हवं. आणि शंकर तर शपथेवर बेधडक सांगत होता, “म्या कुणाकडं शिकलो न्हाय. झुंबर माझ्या मनानं काढलाय.”

उलटतपासणीत तो हलेना. शेवटी वैतागून मी म्हणालो, “मग करून दाखवा.”

त्याचे वकील ताडकन उठले. “हे कोर्ट आहे, तमाशाची कनात नाही!”

“असू द्या,” मुन्सफसाहेब म्हणाले. मला वाटतं, त्यांनाही बघायचंच होतं.

शंकरने टोपी तिरकी केली, मान ताठ केली आणि थांबला. मग पिंजऱ्यातून खाली उतरला, सरळ निवृत्तीबुवांच्या बाकाकडे गेला, वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि स्वतःच्या कानाच्या पाळ्या धरल्या. परत पिंजऱ्यात येऊन त्याने अशी काही आरोळी ठोकली, की दारातला पट्टेवाला खरोखरच सावधान उभा राहिला. सगळं कोर्ट हसत होतं. मी कुणाचा वकील, हे मीही विसरलो.

मुन्सफसाहेबांनी डोळे पुसले. “आत्ता कुणाच्या पाया पडलात?”

“उस्तादाच्या.”

बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

“कुणी सांगितलं होतं पाया पडायला?”

शंकरची मान खाली गेली. “कुणी न्हाय, सायेब. त्याबिगर झुंबर उभाच ऱ्हात न्हाय. उस्ताद समोर नसले की माकणीकडं तोंड करून हात जोडतो. त्यांचं गाव हाय ते.”

देवाची शपथ घेऊन हा माणूस खोटं बोलला होता, आणि जराही अडखळला नव्हता. पण सोंग घेताना त्याला खोटं वागता आलं नाही. त्यानंतर कोर्टात मी पुष्कळ शपथा ऐकल्या. माणसाला अशी बांधून ठेवणारी एकही बघितली नाही.

मी मनाई हुकूम मागायला उठलो, तर निवृत्तीबुवांनी माझा कोट ओढला. त्यांचे डोळे भरले होते. “आवाज बरोबर लावला पोरानं,” ते म्हणाले. “त्याला बंद नका करू. नीट करायला सांगा.”

तडजोड झाली. झुंबर करायचा तर आधी उस्तादाचं नाव पुकारायचं आणि पाचकळपणा बंद. पुढच्या जत्रेत बाया शेवटपर्यंत बसून होत्या.

मनातून काढलेल्या पात्रावर मालकी कुणाची, हा मुद्दा मात्र अनिर्णीतच राहिला. नव्या वकिलांना मी एवढंच सांगतो: साक्षीदार कलावंत असेल तर प्रश्न विचारत बसू नका, त्याला काम करायला सांगा. आणि तुम्ही त्याचेच वकील असाल, तर त्याला जागचं उठू देऊ नका.