फटी बुजवलेलं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईचं विसरणं वयाचं नाही. ते माझ्या घरात सुरू झालं आणि माझ्या हातानं झालं.

नागपूर सोडलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. विमानतळावर दोन ऑटो आणि मामांची जीप भरून माणसं आली होती. माझी मोठी बहीण, ताई, स्वतः हुंदके देत मला रडू नकोस म्हणत होती. आईचे डोळे कोरडे होते. तिनं बॅगेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून पाहिलं आणि म्हणाली, "तिकडं घर घेशीन तं वारा कुठून येते ते आधी पाहजो." मी हसलो. मेकॅनिकल इंजिनिअरला ही बाई वाऱ्याचं सांगते!

पुढची वीस वर्षं अमेरिकेत, एडिसनमध्ये गेली. मग एका शुक्रवारी ऑफिसनं ले-ऑफ केलं. नवीन काम मिळालं ते पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ गावी, एका प्लांटवर. मुलीची हायस्कूलची वर्षं होती, म्हणून ती आणि बायको एडिसनलाच राहिल्या. मी प्लांटजवळच्या एका वस्तीत जुनं मोबाइल होम घेतलं. म्हणजे पत्र्याचं लांबुळकं घर, कारखान्यात तयार करून ट्रकमागे ओढत आणून ठेवलेलं. नागपूरला मी फोनवर "छोटंसं घर घेतलंय" एवढंच सांगितलं. एडिसनच्या मित्रांनाही तेवढंच. आपल्या लोकांत कुणी मोबाइल होममध्ये राहत नाही, निदान राहतो असं बोलत नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्या घरानं माझी हाडं गोठवली. फरशीवर मोज्यांचे दोन जोड घालूनही उभं राहवत नव्हतं. मग मी त्याचा प्रोजेक्टच केला. शनिवार-रविवार व्हिडिओ बघायचे आणि काम करायचं. घराखालचा फाटका इन्सुलेशनचा पडदा पाठीवर सरपटत जाऊन शिवला. खालच्या मोकळ्या जागेभोवती स्कर्टिंगचे पत्रे लावले, त्यांना आतून फोम. खिडक्यांवर प्लास्टिक ताणलं, दारांना रबर. मग उदबत्ती पेटवून भिंतीभिंतीनं फिरायचो. धूर जिथे वाकेल तिथे फट. एकेक फट शोधून बुजवत गेलो. मला त्या कामाचं वेड लागलं होतं, खोटं कशाला बोलू. नोकरी गेल्यापासून माझ्या हातून नीट झालेलं ते पहिलं काम होतं.

गॅसचा वॉटर हीटर एका कपाटात होता. त्याच्या तळाला फरशीत ताटलीएवढं भोक होतं आणि त्यातून बर्फासारखी हवा वर यायची. मी ते फोमनं भरलं आणि वरून चंदेरी टेप मारली. घर तापवणाऱ्या भट्टीला हवा बाहेरून नळीनं येते हे मी वाचलं होतं. हीटरचंही तसंच असेल असं धरून चाललो. पण हीटरच्या ज्योतीला लागणारी हवा त्या भोकातूनच येत होती. वाकून पाहायला दोन मिनिटं लागली असती.

दुसऱ्या हिवाळ्यात आई आली. दारात उभं राहून तिनं घर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"काहून रे, याले चाकं होती म्हणते सूनबाई?"

"होती आई. आता स्कर्टिंगच्या आत झाकलीत."

"म्हणजे पळून जायाची सोय झाकून ठेवली!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेस्तोवर हसली.

मी बारा-बारा तास प्लांटवर असायचो. ती दिवसभर घरात. गरम पाण्याची तिला भारी हौस, भांडीसुद्धा वाफाळत्या पाण्यात घासायची. फोडणीसाठी मी चुलीवर मोठा एक्झॉस्ट फॅन बसवून दिला होता. सगळ्या फटी बुजवलेल्या घरातून तो फॅन हवा बाहेर ओढायचा. बदल्यात हवा आत यायला एकच वाट उरली होती, वॉटर हीटरचं धुराडं. म्हणजे हीटरचा जळका वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात. हे सगळं मला नंतर कळलं. खरं तर नागपूरच्या कुठल्याही पोराला हे कळतं. कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची, नाहीतर हवा कोंडते. माझं सगळं लहानपण त्या उघड्या खिडकीशी अभ्यास करण्यात गेलं आहे.

"थोडी खिडकी उघड ना रे," आई म्हणायची. "जीव कोंडून रायला माहा."

"आई, बाहेर उणे दहा आहे. सगळी ऊब जाईल."

तिनं पुन्हा सांगितलं की मी चिडायचो. तिसऱ्या आठवड्यापासून ती सांगेनाशी झाली.

डोकं दुखायचं तिचं. उलट्या व्हायच्या. जेट लॅग, मग थंडी, मग तेल बदललं, आम्ही रोज नवीन कारण शोधायचो. ख्रिसमसला तिला एडिसनला नेलं तर दोन दिवसांत ठणठणीत, नातीशी पत्ते खेळली, हरवलंही तिला. बायको म्हणाली, "आईंना तिथे एकटं वाटतं." मलाही ते पटलं. परत आणलं, आणि चौथ्या दिवशी ती चहाचं आधण ठेवून विचारायला आली, "मी काय करत होती रे?"

आता अलार्मचं सांगतो. इकडे आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या प्रत्येक घरात फोडणीच्या वेळी छताला लावलेल्या धुराच्या अलार्मला शॉवर कॅप नाहीतर प्लास्टिकची पिशवी घातलेली असते. तो वाजला की आपण आग शोधत नाही, टॉवेल हलवतो. जानेवारीतल्या एका सकाळी तो वाजायला लागला. आई बुद्धवंदना करत होती, समोर मेणबत्ती. चूल पेटलेली नव्हती. मी दाढी अर्धवट सोडून धावत आलो आणि तिच्यावर ओरडलो, "आई, तुझी मेणबत्ती! कितीदा सांगू?" कितीदा म्हणजे काय, एकदाही सांगितलं नव्हतं. तिनं घाबरून ज्योत बोटांनी विझवली. अलार्म तरी वाजतच राहिला. मी स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. त्या डबीवर धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूचंही नाव छापलेलं होतं. इंग्रजीत, ठळक अक्षरांत. आईला ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

त्यानंतर आईनं मेणबत्ती लावली नाही. नागपूरला परत गेल्यावरही नाही.

मार्चमध्ये तिला विमानात बसवलं. एप्रिलमध्ये रे नावाचा शेजारी माझी शिडी मागायला आला. जन्मभर भट्ट्या दुरुस्त केलेला म्हातारा. हीटरचं कपाट उघडं होतं. तो बोलता बोलता थांबला. हीटरच्या तोंडाशी काजळी धरली होती, वरची प्लास्टिकची कडी वितळून वाकडी झाली होती. गुडघ्यावर बसून त्यानं टेपवर हात फिरवला.

"हे कुणी लावलं?"

"आधीच्या मालकानं असेल," मी म्हणालो.

त्यानं खिशातला चाकू काढला, टेप कापली, फोम उपसून काढला. भोकातून वारा आला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "या हिवाळ्यात घरात कुणी आजारी पडलं होतं?"

"नो," मी म्हणालो. "नोबडी."

चाकू मिटून तो उठला. शिडी न घेताच गेला.

तेव्हाच नागपूरला फोन केला असता तर डॉक्टरांना निदान कळलं असतं कुठे बघायचं. मी केला नाही. त्या रविवारी ताईचाच फोन आला. आई वंदनेत अडकते म्हणाली. पन्नास वर्षं रोज म्हटलेलं पंचशील, तीन शीलं होतात आणि चौथं सापडत नाही. ताईनं आईला फोन दिला. "सांग ना रे बापा, पुढं काय हाय?" चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते तिला फोनवर म्हणून दाखवलं, शब्द न चुकता. ती माझ्यामागून म्हणाली आणि खूश झाली.

डॉक्टरांनी वयाचा विसर म्हणून गोळ्या दिल्या. मी आलेले रिपोर्ट वाचले आणि "वयच झालं" असं लिहून पाठवलं. आज आई ताईला ओळखते, कधी कधी मलाही. वार विचारला की हसते.

आणि ताई. ताईला वाटतं हे आपल्या रक्तात आहे. तिनं बँकेतलं प्रमोशन नाकारलं, कारण आकडे चुकतील. रोज सकाळी उठून ती शाळेतल्या वर्गाचा पट म्हणते, चाळीस मुलींची नावं, रोल नंबरनुसार. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाली, "आज तेविसावी आठवली नाही रे. मह्यावालंही सुरू झालं वाटते." मी म्हणालो, "अगं, होतं असं." एवढं बोलून हवामानाकडे वळलो.

मी अजून त्याच घरात राहतो. भोक उघडं आहे, भर जानेवारीत खिडकी बोटभर उघडी असते, अलार्मची बॅटरी दर सहा महिन्यांनी नवी. बायको विचारते, एवढ्या थंडीत काय हा वेडेपणा? इकडे आलेल्यांनो, आई-वडील हिवाळ्यात यायचे असतील तर छतावरची ती पिशवी आजच काढा. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला काय सांगू? मला दोन घरं आहेत असं मी पूर्वी अभिमानानं म्हणायचो. आता घर म्हणजे खरं बोलल्यावरही जिथे दार उघडेल ती जागा, आणि अशी जागा मला उरली आहे का हे ठाऊक नाही. दार वाजवलं तर कळेल.

ताईला मी हे सांगणारा फोन अजून केलेला नाही. आई माझ्या घरात विषारी हवेनं आजारी पडली, ते रक्तातून आलेलं नाही, ताईला होणार नाही, आणि हे मला त्या एप्रिलपासून ठाऊक आहे. एवढं तिच्यासमोर बसून सांगणं, हे मी तिचं देणं लागतो.